कोंडाईची पिवळी शिंगं

फार फार वर्षांपूर्वी, पळसखोऱ्यात माणसांपेक्षा बकऱ्या जास्त होत्या तेव्हा, डोंगरापलीकडून कोंडाई नावाची एक बाई आली. ती झाडपाला कुटायची आणि त्याचं पाणी पाजून बघायची. खोऱ्यात तेव्हा पोटातल्या जंतांनी कहर मांडला होता. बकऱ्या खंगायच्या, पोरांची पोटं घागरीसारखी फुगायची. गावातल्या सगुणाचा थोरला मुलगा त्यातच गेला होता, आणि आता धाकट्या बनीचं पोटही तसंच दिसू लागलं होतं.

कोंडाईनं गावच्या कळपातल्या निम्म्या बकऱ्यांना पळसाच्या बियांचं कडू पाणी पाजलं, वर गुळाचा खडा दिला आणि ओळखू याव्यात म्हणून त्यांच्या डाव्या शिंगाला हळद लावली. बाकीच्यांना काहीच दिलं नाही.

सगुणाला ते खटकलं. "निम्म्यांनाच का गं?"

"सगळ्यांना दिलं, तर गुण औषधाचा की नव्या चाऱ्याचा, कसं कळणार?"

"म्हणजे तुलाच ठाऊक नाही."

"नाही. म्हणून तर बघतेय."

औषध देणारीलाच औषध ठाऊक नाही, असं गावानं कधी ऐकलं नव्हतं. पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली. "हळद कशाला मग? करणीच ती." सगुणाच्या मनात पाल चुकचुकली. काही दिवसांनी कोंडाई रानात गेलेली पाहून तिनं ओढ्यावर एकेक शिंग घासून धुतलं. असं म्हणतात, त्या दिवशी ओढा खालच्या गावापर्यंत पिवळा वाहिला.

कोंडाई परतली आणि कळपात पिवळी शिंगं शोधू लागली. काही बकऱ्या तुकतुकीत झाल्या होत्या, काहींच्या बरगड्या वर आल्या होत्या. पण पाणी कुणाला पाजलं होतं, ते आता कसं सांगायचं? तिनं सगुणाचे पिवळे तळवे पाहिले.

"पोरी, संशय घे माझा. पण खूण का पुसलीस? तिच्यावरच तुझ्या बनीचं औषध ठरणार होतं."



मग कोंडाईला गूळ आठवला. ओढा ओलांडून तिनं खडा उंच धरला आणि हाक मारली. असं म्हणतात, गुळाची चव लागलेल्या बकऱ्या, एरवी पाण्याला बुजणाऱ्या, उड्या मारत पलीकडे गेल्या, आणि जाता जाता प्रत्येकीचं डावं शिंग पुन्हा पिवळं झालं. गेल्या त्या सगळ्या तुकतुकीत. अलीकडे राहिल्या त्या सगळ्या हडकलेल्या.

तरी सगुणा हटली नाही. "बकरी ती बकरी. माझं लेकरू ते लेकरू. आधी तू पी."

कोंडाई रागावली नाही. तिनं वाटी तोंडाला लावली, आणि ऊन उतरेपर्यंत दोघी समोरासमोर बसून राहिल्या. मग बनीला पाजलं. असं म्हणतात, तिच्या पोटातून बकरीच्या दाव्याएवढे लांब जंत पडले आणि ती भाकर मागत उठली.

खोऱ्यात अजूनही औषध पाजलेल्या बकरीच्या डाव्या शिंगाला हळद लावतात, आणि ती कुणी पुसत नाही. जंताच्या गोळ्या घेऊन नर्सबाई आल्या, की आई लेकराला पदराआड घेऊन म्हणते, "आधी तुम्ही." नव्या नर्सबाईंना राग येतो. जुन्या असतात त्या मुकाट्यानं एक गोळी चघळतात. त्या दोन शब्दांत कोंडाईचं नाव घेतलं गेलंय, हे त्यांना कळलेलं असतं.