रंगरावांची धमकी

भामाबाई गवारेंचं घर बघायला सगळ्या तालुक्यातून माणसं यायची. भिंती मातीच्या, छपरावर सोलर, उन्हाळ्यातसुद्धा आत गारवा. बघून गेलेला माणूस सिमेंट घ्यायचं विसरायचा. आणि तालुक्यात सिमेंट विकायचे सभापती रंगराव ढमढेरे.

त्या रविवारी पाहुण्यांचा चहा चालला असताना रंगरावांचा जेसीबी थेट अंगणात शिरला. त्याच्या धडधडीनं फळीवरचे कप खणखणू लागले, भिंतीची माती भुरभुरली. पाहुणे कोपऱ्यात सरकले. भामाबाईंच्या नवऱ्यानं मान खाली घातली. शेजारच्या गावात रंगरावांना नाही म्हणणाऱ्याचा गोठा असाच आडवा झाला होता, आणि साक्षीला कुणी पुढं आलं नव्हतं.

रंगराव खाली उतरले. "उद्यापासून इथं माणूस दिसला, तर हे घर मातीला मिळवीन. तुला पोराबाळांसकट उन्हात बसवीन."

भामाबाई पदर खोचून म्हणाल्या, "अण्णा, घर बांधलं तेव्हा आमच्यापाशी दोनच गोष्टी होत्या, माती आणि ऊन. त्या दोन्ही तुम्ही मलाच देताय. मग मोडणार काय?"

पाहुण्यांतला एकजण फिस्सकन हसला. मग दुसरा. शेवटी जेसीबीवाल्यालाही राहवलं नाही. लोक हसायला लागल्यावर रंगराव थांबतात कशाला? आले तसे गेले.

अंगण शांत झालं, तरी कप खणखणतच होते. आता ते भामाबाईंच्या हातात होते.