दिग्दर्शकांचा सत्कार

‘धूम्रद्वीप’ ही जुनी अद्भुत कादंबरी टीव्हीवर आली आणि सांगलीचं वाचकमंडळ खवळलं. सगळ्यांची लाडकी आंधळी नावाडीण मालिकेतून गायब, तिच्या जागी नाचणारी राजकन्या!

दिग्दर्शक रणदिव्यांचा सत्कार आधीच ठरला होता. सभेत वाचकांनी जाब विचारला, तर ते हसले. “काळाप्रमाणे बदल करावेच लागतात. नाव तेच ठेवलंय ना? मग मुकाट बघायचं!”

मंडळाची चिटणीस इरावती उठली आणि आतल्या स्वयंपाकघरात जाऊन आली. “आता सरांना शाल आणि श्रीफळ,” म्हणत तिनं त्यांच्या खांद्यावर फरशी पुसायचं फडकं टाकलं, हातात बटाटा ठेवला.

“हे श्रीफळ?” रणदिवे कडाडले.

“काळाप्रमाणे बदल केलाय, सर. नाव तेच ठेवलंय,” इरावती म्हणाली. “आता मुकाट घ्यायचं!”