कागदावरची जमीन

बोरखळी गावात पूर आला आणि सोजरबाई ढगे यांचं सव्वा एकर शेत मातीसकट वाहून गेलं. नदीने तिथूनच नवी वाट धरली. चार दिवसांनी मंडळ अधिकारी हिरवेसाहेब पंचनाम्याला आले. काठावर उभं राहून त्यांनी सातबारा उघडला.

"पीक गेलं, ते लिहितो," साहेब म्हणाले. "जमीन गेली, हे नाही लिहिता येणार. सातबाऱ्यावर आहे, नकाशावर आहे. सरकारी कागद खोटा ठरवू का मी?"

"आन् हे पाणी दिसतंय ते?" सोजरबाईने विचारलं.

"पाण्याचं मला सांगू नका. कागदावर जमीन आहे, म्हणजे जमीन आहे."

वाहून गेलेल्या जमिनीची मदत नाकारली, तर सोजरबाईच्या हाती काहीच उरणार नव्हतं. तिने लुगडं वर खोचलं आणि ती सरळ नदीत उतरली. कमरेइतक्या पाण्यात जाऊन वळली.

"या साहेब," ती म्हणाली. "मी माझ्या बांधावर उभी हाय. माझं शेत अजून पुढं हाय. कागदावर जमीनच हाय, तवा बुडायची भीती न्हाई. शेताच्या मधोमध उभं राहून लिहा, मी लगेच सही करते."

साहेबांनी गढूळ पाण्याकडे पाहिलं. सगळं गाव साहेबांच्या पायांकडे पाहत होतं. पाय काही हलले नाहीत. शेवटी त्यांनी पेन काढलं आणि 'संपूर्ण जमीन नदीपात्रात गेली' असं लिहिलं.

सोजरबाई निथळत वर आली. लिहिलेलं तिने दोनदा वाचलं आणि मगच सही केली.