नऊ नंबरचा गोल

“गोल कुणी मारला?” यासीन वस्तादांनी विचारलं.

“पिवळ्या टीमच्या नऊ नंबरनं. विक्रांत शेळकेनं,” सुजय म्हणाला.

“कुठल्या पायानं?”

“उजव्या. तो उजव्यानंच मारतो, वस्ताद.”

वस्तादांनी त्याच्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

कोल्हापुरातल्या एका तालमीचा फुटबॉल संघ वस्तादांनी तीस वर्षं घडवला होता. रविवारी फायनल होती. शेजारी बसून कधी कुणाला बदलायचं ते सांगणारा माणूस त्यांना हवा होता, आणि सुजयला ती जागा मनापासून हवी होती.

म्हणून आजच्या सरावाच्या मॅचआधी त्यानं पुण्यात बसून वस्तादांची पिवळी आणि समोरची, अशा दोन्ही टीमच्या दहा-दहा मॅचचे व्हिडिओ पाहिले होते. कोण कुठून पळतो, कुणाचा दम कधी संपतो, सगळं वहीत उतरवलं होतं. अभ्यास खरंच चांगला होता, हे मान्य करायला हवं. फक्त मॅचभर तो पुढचं आधीच सांगत होता आणि वहीत बरोबरच्या खुणा करत होता. समोर पाहायला सवड मिळत होती का, देव जाणे.

मॅच संपली होती. वस्तादांनी बसल्या पायरीवरून मैदानाकडे हात केला. नऊ नंबर धापा टाकत पायऱ्या चढून वर आला आणि त्यानं अंगातला पिवळा शर्ट काढला.

“विक्रांतचा शर्ट धुऊन देतो, वस्ताद,” असं म्हणून तो खाली गेला.

सुजय पाहतच राहिला. हा चेहरा एकाही व्हिडिओत नव्हता.

वस्तादांनी सांगितलं, विक्रांतला त्यांनी आज मुद्दाम घरी ठेवून त्याचा शर्ट या पोराला दिला होता. हा वर्षभर बाकावर बसून होता.

“डावरा हाय,” ते म्हणाले. “गोलबी डाव्यानंच मारला.”

सुजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोल त्याच्या डोळ्यांदेखत झाला होता.

“माझा अभ्यास चुकला, वस्ताद.”

“न्हाई. विक्रांत उजव्यानंच मारतोय.”

सुजयनं वही मिटून विचारलं, “मग रविवारी मी येऊ, का नको?”

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

“आदी खाली जा. त्याला त्याचं नाव इचारून ये.”