उरलेला नट

पंपांच्या कारखान्यात चाळीस जणांना कमी केल्याची यादी लागली, आणि पहिलंच नाव होतं फिटर आण्णाप्पा मगदूमांचं.

"ही कपात नव्हे, पुनर्रचना आहे!" मॅनेजर टिपणीस साहेब कामगारांच्या सभेत गरजले. "अर्थ तरी ठाऊक आहे का कुणाला या शब्दाचा?"

आण्णाप्पा उठले.

"आहे की, साहेब. आम्ही मशीन पार खोलतो आणि पुन्हा जोडतो. जोडून झाल्यावर एक नट जरी हातात उरला, तरी जोडणी चुकली म्हणतो आणि परत खोलतो. तुमची तर चाळीस माणसं उरलीत."

पण परत खोलणाऱ्यांतले साहेब नव्हते. संध्याकाळी आण्णाप्पांनी तीस वर्षं वापरलेला पाना पुसून स्टोअरमध्ये जमा केला.