पुलावर आता कुणी थांबत नाही

‘‘म्हणजे पूल तू वाचवलास?’’ गोसावीबाबांनी विचारलं.

‘‘मीच. पाडायला निघाले होते, मी बांधकाम खात्याच्या साहेबाला अडवला. तालुक्यात कुणालाही विचारा... म्हणजे मला ओळखणारे सोडून.’’

खरं तर साहेब पूल राखायचा ठरवूनच आला होता. मी चहा पाजला आणि मान डोलवली, एवढंच.

काम मात्र झकास केलं गड्यानं. कमानींत रुजलेले पिंपळ काढले, सांधे चुन्यानं भरले. जुन्या दगडाला धक्का न लावता वरचा रस्ता दुप्पट रुंद केला. आता एस्ट्या काय, उसाचे ट्रॅक्टर काय, दोन्हीकडून एकदम सुसाट.

पूर्वी एका वेळी एकच गाडी जायची. मी मधोमध लाल फडकं घेऊन उभा. नेमलं कुणी नव्हतं. लहर आली की दोन्ही बाजू थांबवायच्या. मग ड्रायव्हर उतरायचे, मला शिव्या द्यायचे, तंबाखू मळायचे, पोरीचं लग्न कुठं अडलंय ते सांगायचे. एकदा पुढाऱ्याची मोटार थांबवून मागचं जनावर आधी सोडलं. म्हटलं, ‘‘म्हैस गाभण आहे, साहेब.’’

रेडा होता तो.

‘‘बाबा,’’ मी म्हणालो, ‘‘गेल्या बाजारापासून माझ्याशी माणूस बोललं नाही. कुठं आग लागलीय यांच्या, कुणास ठाऊक. तुम्ही असं करा, रस्त्यात समाधी लावा. बाबा पाण्यावर चालले, अशी मी आवई उठवतो. बघा कशा गाड्या थांबतात.’’

‘‘आणि तू?’’

‘‘मी गर्दी आवरीन.’’

बाबा हसले नाहीत. पुलाच्या तोंडाशी त्यांचा ओटा. तिथली घोंगडी झटकून ते सरकले, अर्धी मोकळी केली.

मी उभाच. इतकी वर्षं त्यांना रामराम केला तो उभ्यानंच.

एक ट्रक गेला. मोकळ्या अर्ध्या घोंगडीवर धूळ बसली.

‘‘निघतो बाबा. दिवस कलला.’’

‘‘घरी कोण आहे?’’

‘‘...ती गेल्यापासून कोण असणार? ठाऊक आहे की तुम्हाला.’’

बाबांनी हातानं धूळ पुसली. पुन्हा सरकून बसले.

‘‘मग थांबत नाही म्हणून त्या ट्रकवाल्यावर कशाला चिडतोस, गेन्या?’’