मासळीला हद्द कोण सांगणार?

खडपेवाडीच्या ग्रामसभेत प्रश्न एकच होता. मासळी जिथे अंडी घालते, तो खडकाळ समुद्र मासेमारीला बंद ठेवायचा का? चार ट्रॉलरांचे मालक मोरेश्वरशेठ ऐटीत उठले.

"समुद्राला कुंपण घालणार? इथून पुढे राखीव, हे मासळीला सांगणार कोण? तिला पाटी वाचता येते?"

लोक गोंधळले. "खरंच की!" कुणीतरी पुटपुटलं. जो तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागला.

तेवढ्यात मासळी विकणाऱ्या नागूबाय उभ्या राहिल्या.

"शेठ, मासळीला कशाला सांगायचं? ती काय चोरून जाळं टाकते? पाटी तुमच्यासाठी लावायची. तुम्हाला तरी वाचता येतं ना?"

सभा खो खो हसली. ठराव मंजूर झाला, तेव्हा शेठचाही हात वर होता.